कच्चं तेल स्वस्त झालं, मग डिझेल का नाही? आखातापासून आपल्या पंपापर्यंतचा हिशेब

नांगरटीचा दर ठरवताना आमच्या शिवारात एक शेतकरी आणि ट्रॅक्टरवाला यांची चांगलीच जुंपली. शेतकरी म्हणाला, "टीव्हीवर सांगतात कच्चं तेल पडलं, मग तुझा दर कसा वाढला?" ट्रॅक्टरवाला म्हणाला, "दादा, टीव्हीवरच्या तेलावर ट्रॅक्टर चालत नाही. पंपावर चला, तिथला भाव बघा." खरं तर दोघांचंही बरोबर होतं. कच्च्या तेलाचा भाव आणि पंपावरचा भाव यांच्यामध्ये बरीच मोठी वाट आहे. त्या वाटेवर कोण कोण बसलंय, ते आज समजून घेऊ.

तेल कुठे आहे, काढतं कोण?

पाऊस जसा सगळ्या तालुक्यांत सारखा पडत नाही, तसंच तेलाचं आहे. जमिनीखालचा सगळ्यात मोठा साठा दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशाच्या नावावर आहे, साधारण ३०० अब्ज बॅरल. त्याच्या खालोखाल सौदी अरेबिया. मग इराण, कॅनडा, इराक असे देश येतात. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर.

पण साठा असणं वेगळं आणि काढणं वेगळं. व्हेनेझुएलाचं तेल घट्ट, जवळपास डांबरासारखं. त्यात अमेरिकेचे निर्बंध, बिघडलेला कारभार आणि नव्या यंत्रांना पैसा नाही. विहिरीला पाणी भरपूर, पण मोटर जळालेली, अशी त्या देशाची गत. आज सर्वात जास्त तेल काढणारे तीन देश म्हणजे अमेरिका, सौदी अरेबिया आणि रशिया. जगाला रोज लागतं साधारण १० कोटी बॅरल. त्यातला मोठा वाटा या तिघांचा.

आपल्याकडे तेल नाहीच असंही नाही. आसाममधल्या दिग्बोईला १९०१ पासून रिफायनरी आहे. मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत समुद्रात 'बॉम्बे हाय' आहे. तिथे १९७४ मध्ये तेल सापडलं आणि १९७६ पासून निघायला लागलं. पण देशाची भूक त्यापेक्षा फार मोठी. आज भारताला लागणाऱ्या दर १०० लिटर कच्च्या तेलातलं ८५ लिटरपेक्षा जास्त बाहेरून येतं.

भाव कोण पाडतं, कोण चढवतं?

कांदा पिकवणाऱ्याला हे शिकवायची गरज नाही. आवक वाढली की भाव पडतो, आवक घटली की चढतो. तेलाचंही तेच. फरक एवढाच, की कांदेवाले सगळे मिळून आवक रोखू शकत नाहीत, तेलवाले रोखतात. १९६० मध्ये इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला या पाच देशांनी बगदादला बसून 'ओपेक' ही संघटना काढली. किती तेल काढायचं हे ते मिळून ठरवायला लागले. २०१६ पासून रशियासारखे बाहेरचे देशही त्यांच्यासोबत बसतात.

या एकीची ताकद जगानं १९७३ मध्ये पाहिली. अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी अमेरिकेला आणि तिच्या मित्रदेशांना तेल देणं बंद केलं. बॅरलचा ३ डॉलरच्या आसपासचा भाव काही महिन्यांत १२ डॉलरजवळ गेला.

उलटंही घडतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या, विमानं, कारखाने सगळं थांबलं. अमेरिकेत तेल साठवायला टाक्या उरल्या नाहीत. २० एप्रिल २०२० ला तिथल्या वायदेबाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. म्हणजे माल घेऊन जा, वरून पैसे घे! भाड्यालाही न पुरणारा टोमॅटो रस्त्यावर ओतणाऱ्याला हे लगेच समजेल.

चिंचोळी वाट

आखाती देशांचं बरंचसं तेल जहाजानं बाहेर पडतं ते होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला ओमान. अगदी अरुंद ठिकाणी ही वाट सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. २०२४ मध्ये जगात रोज लागणाऱ्या तेलापैकी साधारण पाचवा हिस्सा याच वाटेनं गेला. त्यामुळे तिथे नुसती तणातणी झाली, तरी भाव उसळी घेतो. एकच रस्ता असलेल्या गावात पूल खचला की काय होतं, तेच.

एक मोठं तेलवाहू जहाज २० लाख बॅरलपर्यंत तेल आणतं. आखातातून गुजरातच्या किनाऱ्यावर ते काही दिवसांत पोचतं. रशियाच्या पश्चिमेकडच्या बंदरांतून यायला महिनाभर लागू शकतो. तरीही २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर भारतानं रशियाकडून भरपूर तेल घेतलं. युरोपनं पाठ फिरवली म्हणून रशिया सवलतीत द्यायला लागला. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्केही नव्हता, तो २०२३-२४ मध्ये एक तृतीयांशाच्या वर गेला.

हे कच्चं तेल रिफायनरीत तापवलं की त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल, डांबर असं सगळं वेगळं होतं. गुजरातमधलं जामनगर हे जगातलं सर्वात मोठं तेल शुद्धीकरण केंद्र आहे. मुंबईत माहुलला दोन रिफायनऱ्या आहेत. तिथून पाइपलाइननं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीला येतं आणि पुढे टँकरनं आपल्या पंपावर. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांनी संप केला, तेव्हा एका दिवसात पंपावर किती रांगा लागल्या, ते आपण पाहिलंच.

आता हिशेब

समजा, कच्चं तेल बॅरलला ८० डॉलर आणि डॉलर ८५ रुपयांना. बॅरल पडला ६,८०० रुपयांना. त्याला १५९ नं भागा. एक लिटर कच्चं तेल साधारण पावणेत्रेचाळीस रुपयांना पडलं.

याच हिशेबात दोन गोष्टी लक्षात ठेवा. बॅरल १ डॉलरनं महागला की लिटरमागे सुमारे ५३ पैसे वाढतात. आणि तेलाचा भाव तोच राहून डॉलर १ रुपयानं महागला, तरी लिटरमागे ५० पैसे वाढतात. म्हणजे तेल पडलं आणि रुपयाही पडला, तर बराच फायदा तिथेच जातो.

त्यावर येतो जहाजाचा आणि रिफायनरीचा खर्च. मग केंद्राचं उत्पादन शुल्क, जे लिटरमागे ठरलेलं असतं. मग पंपवाल्याचं कमिशन आणि शेवटी राज्याचा व्हॅट, जो टक्क्यांत असतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे प्रत्येक राज्यात भाव वेगळा.

मग भाव उतरत का नाही?

कारणं दोन. पहिलं, कर. २०२० मध्ये तेल कवडीमोल झालं, तेव्हा केंद्रानं मार्च आणि मे मिळून डिझेलवर लिटरमागे १६ रुपये शुल्क वाढवलं. स्वस्ताई आली, पण ती सरकारी तिजोरीत गेली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले. राज्यानंही जुलै २०२२ मध्ये डिझेलवर ३ रुपये उतरवले.

दुसरं, तेल कंपन्या. कागदावर डिझेलचा भाव २०१४ पासून बाजारावर सोडलेला आहे आणि २०१७ पासून तो रोज बदलायला हवा. पण २०२२ मध्ये तेल १२० डॉलरच्या वर गेलं, तेव्हा सरकारी कंपन्यांनी पंपावरचा भाव रोखून धरला. त्यांना तोटा झाला. पुढच्या वर्षी तेल ८० डॉलरच्या आसपास आलं, तरीही भाव तसाच ठेवला. आधीचा तोटा भरून निघाला आणि २०२३-२४ मध्ये कंपन्यांना विक्रमी नफा झाला. करातली कपात सोडली, तर जवळपास दोन वर्षं भाव हलला नाही. मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, लिटरला २ रुपये कमी झाले.

ही बाजूही समजून घ्यायला हवी. भाव रोखला नसता, तर २०२२ च्या पेरणीला डिझेल आणखी भडकलं असतं. आणि करातून रस्ते, योजना चालतात हेही खरं. पण चढताना काही काळ सांभाळून घेतलं, म्हणून उतरताना शेतकऱ्याला काहीच द्यायचं नाही, हे पटत नाही. शेतमालाचे भाव पडतात, तेव्हा आपल्याला कुणी रोखून धरत नाही.

आपण काय करायचं?

एक, दर ठरवताना लिटरमध्ये बोला. ट्रॅक्टरवाल्याला एकरी डिझेल किती लागतं, ते पक्कं ठाऊक असतं. समजा १० लिटर लागलं आणि डिझेल २ रुपयांनी वाढलं, तर एकरी फरक २० रुपयांचा. त्यापेक्षा जास्त वाढ मागितली, तर ती टायर, ऑइल, हप्ता, ड्रायव्हरची मजुरी यांची असेल. तीही खरी असू शकते, पण तशी सांगावी. आणि डिझेल उतरलं, तर दरही तेवढा उतरावा.

दोन, "उद्यापासून डिझेल बंद" असा मेसेज आला की कॅन घेऊन पळू नका. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखाली खडकात सरकारनं ५३ लाख टन कच्चं तेल साठवायची सोय केली आहे, म्हणजे देशाची साडेनऊ दिवसांची गरज. कंपन्यांचा साठा त्याहून वेगळा. गोठ्यात, कडब्याशेजारी डिझेलचे कॅन ठेवणं मात्र खरोखर धोक्याचं आहे.

तीन, तेल पडल्याची बातमी आली, तर तीन प्रश्न विचारा. डॉलर किती झाला? कर वाढला का? कंपन्यांनी भाव बदलला का? मत मागायला येणाऱ्यालाही हेच विचारा. जमिनीखाली तेल कुठे असावं, हे आपल्या हातात नाही. पण त्यावर कर किती असावा, हे आपण निवडून दिलेली माणसंच ठरवतात.