आधी मोकळा ओटा, मग कपाटं

घराचं नूतनीकरण काढलं की स्वयंपाकघराची चर्चा बहुतेक वेळा ट्रॉल्यांपासून सुरू होते. ट्रॉल्या किती, लॅमिनेट चकचकीत की मॅट, वरची कपाटं काचेची की बंद, चिमणी कोणत्या कंपनीची. मोजमाप घ्यायला आलेला माणूसही भिंतीचा इंच न् इंच कपाटांनी भरून दाखवतो, आणि चित्रात ते छान दिसतं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. शहरातल्या छोट्या स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त टंचाई असते ती सिंक आणि शेगडी यांच्यामधल्या सलग, मोकळ्या ओट्याची. तो किती लांब आणि किती उंच हवा, हे आधी ठरवावं. कपाटं, फ्रीज, ओव्हन यांना उरलेल्या जागेत बसवावं.

स्वयंपाकघराच्या आखणीचं जे शास्त्र आज पुस्तकांत आणि कॅटलॉगांत सांगितलं जातं, ते मुळात पावलं मोजण्यातून आलं. अमेरिकेत क्रिस्टिन फ्रेडरिक यांनी १९१२ च्या सुमारास कारखान्यातल्या कार्यक्षमतेचे नियम घरकामाला लावून पाहिले. मांडणी बदलली की बाईची चाल किती वाचते, हे त्यांनी दाखवून दिलं. तोच विचार पुढे नेत वास्तुरचनाकार मार्गारेट शुट-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असं आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. दुसऱ्या महायुद्धानंतर इलिनॉय विद्यापीठातून फ्रीज, सिंक आणि शेगडी यांचा ‘कार्यत्रिकोण’ पुढे आला. त्याची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज २६ फुटांच्या आत असावी, असा तो नियम. आजही आपल्याकडचे अनेक रचनाकार तो जसाच्या तसा सांगतात.

पण हा नियम मोठ्या स्वयंपाकघरासाठी आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि किमान १.८ मीटर रुंद असावं लागतं, आणि अनेक फ्लॅटमध्ये ते याच्या जवळपासच असतं. एवढ्या जागेत कार्यत्रिकोण आपोआप जमतो, कारण कुठूनही कुठे जायला दोन पावलं पुरतात. तरीही त्याच खोलीत पोळ्या लाटताना कणकेची परात कुठे ठेवायची, कुकर उतरवला तर टेकवायचा कुठे, हा प्रश्न रोज पडतो. म्हणजे अडचण पायांची नाही, हातांची आहे. फ्रँकफर्टच्या त्या स्वयंपाकघरातही खिडकीखाली उजेडात कामाचं टेबल आणि त्यापुढे फिरतं स्टूल होतं. वाचलेल्या पावलांचा उल्लेख सगळे करतात, त्या टेबलाचा कुणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

भारतीय, आणि त्यातही मराठी, स्वयंपाकाला ओट्याची भूक जास्त. पोळ्या करायच्या म्हणजे शेगडीशेजारी एकाच वेळी पोळपाट, परात, पिठीची वाटी आणि पोळ्यांचा डबा मांडावा लागतो. त्याच वेळी भाजी चिरलेली असते, वाटणासाठी मिक्सर काढलेला असतो. अमेरिकेतली ‘नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशन’ ही संस्था तयारीसाठी सिंकलगत सलग ३६ इंच ओटा आणि शेगडीच्या एका बाजूला १२ तर दुसऱ्या बाजूला १५ इंच मोकळी जागा सुचवते. आता आपला आठ फुटी ओटा घ्या. ९६ इंचांतून सिंकचे २४ आणि तीन बर्नरच्या शेगडीचे साधारण २८ गेले. शेगडीपलीकडे गरम भांडं उतरवायला १२ इंच सोडले की मध्ये उरतात ३२. सिंक अगदी टोकाला असेल तरच हे ३२ इंच सलग मिळतात. ते मधोमध बसवलं तर त्यांचे दोन तुकडे होतात आणि परात कशातच नीट मावत नाही. त्यात मायक्रोवेव्ह आणि भांडी निथळायचं टोपलं ओट्यावर आलं की खेळ संपला. समोरच्या भिंतीला दुसरा ओटा घालावा, तर १.८ मीटर रुंदीत ६० सेंटीमीटरचे दोन ओटे मधे जेमतेम ६० सेंटीमीटर वाट ठेवतात. त्यात एकाने वाकून ट्रॉली उघडली की दुसऱ्याला जाता येत नाही. समोर फक्त ३० सेंटीमीटर खोलीच्या फळ्या पुरेशा आहेत.

उंचीकडे तर त्याहून कमी लक्ष जातं. चिरण्यासारख्या उभ्याने करायच्या कामाला ओटा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटीमीटर खाली असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास, तिचं कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटीमीटरवर. म्हणजे ओटा ८० ते ८५ सेंटीमीटर हवा. पाश्चात्त्य मापाचा ३६ इंची, म्हणजे ९१ सेंटीमीटरचा ओटा तिला खांदे उचलून काम करायला लावतो. शिवाय प्रत्यक्ष काम ओट्याच्या दगडावर होतच नाही. ८४ सेंटीमीटरच्या ओट्यावर १२ सेंटीमीटरची शेगडी आणि तिच्यावर वीतभर उंच पातेलं ठेवलं की त्याचा काठ कोपराच्या बराच वर जातो, आणि डाळ घोटताना हात हवेत राहतो. सिंकचं नेमकं उलटं, तिथे हात तळाशी काम करतात. म्हणून शेगडीखालचा ओटा तीन-चार इंच खाली आणि सिंकचा दोन-तीन इंच वर असावा, असं मी आग्रहाने सांगेन. यावर आक्षेप असा की पायऱ्या पडल्या की ओट्याचा सलगपणा मोडतो. लहान ओट्यावर तो खरा आहे. तिथे दगडात बसणारी हॉब शेगडी घेतली तर पायरी न करताही काही इंच उतरतात. घरात उंच आणि बुटकी अशी दोन माणसं स्वयंपाक करत असतील तर बुटक्या माणसाचं माप धरावं. उंच माणसाला जाड पाट घेऊन चिरता येतं, पण एकदा बसवलेला दगड खाली घेता येत नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप साठवणीचा. जागा आधीच कमी, त्यात कपाटं कमी करायची म्हणजे डबे ठेवायचे कुठे? पण ओट्याखालच्या ट्रॉल्या मोकळ्या ओट्याच्या आड येतच नाहीत. आड येतो तो ओट्याच्या रांगेत उभा केलेला फ्रीज, ओट्याची दोन फूट लांबी गिळणारं उंच कपाट, आणि ओट्यावरच ठाण मांडणारी यंत्रं. फ्रीज दाराशी किंवा जेवणाच्या जागेत गेला तर फार बिघडत नाही. मायक्रोवेव्हला छातीच्या उंचीवर फळी मिळू शकते. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र यांची जागा माळ्यावर. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतची जागा रोजच्या वस्तूंसाठी राखली की कपाटं कमी असूनही पुरतात. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनाही यात अडचण नाही. शेगडी आग्नेयेला आणि तोंड पूर्वेला हवं असेल तर तिथूनच आखणी सुरू करावी. अग्नी आणि पाणी शेजारी नको, हे तर तेही सांगतात, आणि त्यांच्यामध्ये अंतर ठेवलं की मोकळा ओटा तयार होतोच.

खरी मर्यादा येते ती सांडपाण्याच्या नळाची. सिंक हलवायचं तर नळाला उतार मिळाला पाहिजे, आणि खालच्या मजल्यावर नेमकी कुणाची खोली येते हेही बघावं लागतं. सोसायटीची परवानगी त्यासाठीच असते. म्हणून सिंक हलत नसेल तर शेगडी हलवावी, गॅसची जोडणी अधिकृत माणसाकडून करून घेऊन. ड्राय बाल्कनी असेल तर मोठी भांडी तिथे घासायची सोय करावी, म्हणजे आत लहान सिंक पुरतं आणि ओट्याला अर्धा फूट मिळतो. सिलिंडरच्या कपाटाला जाळी खालच्या बाजूला हवी, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो. पाइपचा गॅस हलका, त्यासाठी वरची बाजू मोकळी लागते. सुतार हे विचारेलच असं नाही. विजेचंही तसंच. इंडक्शन आणि ओव्हनला १६ अँपिअरचे पॉइंट लागतात, मिक्सरला ६ चा पुरतो, आणि मिक्सरचा पॉइंट मोकळ्या ओट्याच्या डोक्यावर हवा, शेगडीमागे नको. फरशा लागल्यावर हे आठवलं तर भिंत पुन्हा फोडावी लागते. त्यामुळे ट्रॉल्यांचा कॅटलॉग उघडण्याआधी जुन्याच ओट्यावर चिकटपट्टीने सिंक, शेगडी आणि मधली मोकळी जागा नव्या मापाने आखावी, आणि एका रविवारी वरण-भात-भाजी-पोळीचा पूर्ण स्वयंपाक त्या रेषांच्या आत करून पाहावा. परात आणि पोळपाट जिथे रेषेबाहेर जातील, तिथे नकाशा बदलायचा आहे.