ठिसूळ कपलर : टेप नको, जोड पक्का हवा

सातारा-सांगलीकडे जुन्या जीपा व टेम्पो अजून पोटापाण्यासाठी धावतात. त्यांच्या वायरिंगला हात लावताच कपलरचे तुकडे पडतात, हा आपल्या कारागीर बांधवांचा रोजचा अनुभव. इंजिनाच्या उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होते. महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसात ओल शिरून टर्मिनलवर गंज चढतो.

अशा वेळी वायरी पिळून टेप गुंडाळणे स्वस्त वाटते, पण आम्ही ते महागच समजतो. हिशेब साधा आहे. हेडलाइटच्या वायरीतून १० अँपिअर प्रवाह जात असेल व सैल जोडाचा रोध ०.१ ओहम असेल, तर १ व्होल्ट वाया जातो आणि जोडात १० वॅट उष्णता निर्माण होते. दिवा मंदावतो, टेप सुटते, वायर जळू शकते. रात्री घाटात हे जिवावर बेतेल.

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. कोणत्या रंगाची वायर कोठे, ते लिहून ठेवावे. कपलर किंचित गरम करून सोडवावा. वायरीला धरून ओढू नये. टर्मिनल चांगले असल्यास नव्या कपलरमध्ये बसवावे. गंजले असल्यास वायर चकचकीत तांब्यापर्यंत कापावी आणि नवे टर्मिनल क्रिंपिंग पक्कडीने दाबावे. वायर आखूड पडल्यास तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडावा. फ्यूज मूळ अँपिअरचाच ठेवावा.

शेवटी बॅटरी जोडून, दिवे लावून जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसल्यास जोड पुन्हा करावा.

खर्च आधी सांगावा, जुना कपलर गिऱ्हाइकाला दाखवावा. गिऱ्हाईक टिकते ते अशाने.