शिबिराची मुले गावात येतात तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पुष्कळ गावांतून एक देखावा दिसतो. शाळेच्या इमारतीत कॉलेजची पन्नासएक मुलेमुली वळकट्या टाकून उतरलेली असतात. पहाटे प्रभातफेरी, मग टिकाव, फावडी, घमेली, दुपारी कोणाचे तरी व्याख्यान आणि रात्री देवळापुढे पथनाट्य. सात दिवस झाले की समारोप, हार, नारळ, आणि मुले निघून जातात. मागे उरतो मुरूम टाकलेला रस्त्याचा एखादा तुकडा आणि भिंतीवर रंगविलेली चार वाक्ये. गावकरी म्हणतात, "पोरं चांगली होती हो." पोरे चांगलीच असतात, त्याबद्दल वाद नाही. परंतु गावाला काय मिळाले आणि पोरे काय शिकली, हे कोणी विचारीत नाही. ते विचारायला हवे.

ही मुले येतात ती राष्ट्रीय सेवा योजनेतून. योजनेमागची कल्पना जुनी आहे. १९४८-४९ च्या डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने समाजसेवा करावी असे म्हटले होते. पुढे १९५९ मध्ये आपले चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने याहून कडक उपाय सांगितला: कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्याने नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रसेवा करावी. खर्च आणि अंमलबजावणी, दोन्ही आवाक्याबाहेरची ठरली. १९६० मध्ये प्रा. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील रीत पाहून सेवा ऐच्छिकच असावी असा सल्ला दिला. शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी योजना सुरू झाली. सक्ती टळली हे बरे झाले. काही विद्यापीठांत आता या कामाचे वाढीव गुण वा श्रेयांक मिळतात, म्हणून येणारेही असतात. पण नाव आपल्या हाताने नोंदवून आलेला मुलगा आणि ढकललेला मुलगा, यांचे फावडे पाहूनच ओळखू येते.

आता एक गोष्ट, जी गावाला बहुधा ठाऊक नसते. शिबीर म्हणजे सगळी योजना नव्हे. प्रत्येक स्वयंसेवकाने दोन वर्षे, दर वर्षी १२० तास काम करायचे असते. योजनेच्या नियमपुस्तिकेत त्यांतले २० तास ओळख-प्रशिक्षणाला, ३० कॉलेजच्या आवारातील कामाला आणि ७० लोकांमधल्या कामाला दिलेले आहेत. सात दिवसांचे शिबीर याखेरीज. म्हणजे शंभर मुलांचे पथक धरले, तर वर्षाला सात हजार तास गावाच्या वाट्याला येऊ शकतात! ते जातात कुठे?

वनराई बंधाऱ्याचेच उदाहरण घ्या. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि ओढ्यात आडवी, विटांच्या भिंतीसारखी सांधा मोडून रचायची. पाया रुंद, माथा अरुंद. खर्च जवळजवळ नाहीच. अडलेल्या पाण्यावर एखादे हरभऱ्याचे वा गव्हाचे रान भिजते, शेजारच्या विहिरींना थोडा आधार मिळतो. एका हंगामाचे हे काम. पुढल्या पुरात पोती वाहून जायचीच. पण त्याची वेळ ठरलेली आहे. पाऊस उघडला आणि ओढा अजून वाहतो आहे, त्या आश्विन-कार्तिकात बंधारा पडला पाहिजे. शिबिराची तारीख मात्र विद्यापीठाच्या परीक्षा पाहून ठरते. मग कित्येक ठिकाणी जानेवारीत कोरड्या ओढ्यात पोती रचली जातात, छायाचित्र निघते आणि अहवालात बंधारा उभा राहतो. पाण्याला त्याची खबर नसते.

यावर उपाय आहे, आणि तोही नियमांच्या आतला. त्या ७० तासांतले दोन-तीन रविवार ऑक्टोबरात काढावेत व बंधारा तेव्हाच घालावा. शिबिराच्या सात दिवसांत त्याच मुलांनी जवळच्या दहा विहिरींत दगड बांधलेली दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते मोजावे, आणि उन्हाळ्यापर्यंत दरमहा मोजीत राहावे. भूगोलाच्या मुलाला यात भूगोल आहे, अर्थशास्त्राच्या मुलाला अर्थशास्त्र. बंधाऱ्याचा उपयोग खरोखर झाला की नाही, हे दोरी सांगेल. नाही झाला, तर का नाही, हे शोधण्यात मुले जे शिकतील ते माझ्या तासाला बसून शिकणार नाहीत.

पुढारीपणाबद्दलही थोडे बोलतो. या शब्दाला आपल्याकडे जरा वाईट वास लागला आहे. माईक धरणारा तो पुढारी, अशी मुलांचीही समजूत असते. एका शिबिरात अवजारांचा हिशेब एका लाजाळू मुलीकडे होता. अवजारे गावातून मागून आणलेली. तिसऱ्या दिवशी दोन घमेली कमी भरली. तिने गाजावाजा केला नाही. वही घेऊन घरोघर गेली, कोणाचे काय आणले ते पुन्हा विचारून लिहिले, घमेली एका वस्तीवर सापडली ती परत आणली आणि संध्याकाळच्या बैठकीत सगळा हिशेब वाचून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून गावातली माणसे काही सांगायचे झाले की शिबीरप्रमुखाला सोडून तिलाच शोधू लागली.

ही संध्याकाळची बैठक शिक्षकांनी कधी टाळू नये. "आज काय केले?" एवढ्यावर ती संपते, तेथे चूक होते. "आज कोणाला काय विचारले, आणि उत्तर ऐकून आपले मत कोठे बदलले?" असे विचारून पाहा. पहिल्या रात्री सगळे गप्प बसतात. चौथ्या रात्री दिवा मालवू देत नाहीत.

गावानेही पाहुणचारावर थांबू नये. पुरणपोळी नका घालू, भाकरी-आमटी पुरते. कॉलेजात या योजनेचा कार्यक्रम अधिकारी असतो, तो आमच्यासारखाच एक प्राध्यापक. ग्रामपंचायतीने भाद्रपदातच त्याला बोलावणे धाडावे. तो आला की हार नको, सभा नको. त्याला ओढ्यावर न्या आणि पाणी कोणत्या महिन्यात आटते ते सांगा.