कंपनीच्या जुन्या भावांचें वाचन

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यांत, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या दोन जुन्या खाणी आहेत. चिखल्याची खाण जमिनीच्या पोटांत उतरते. डोंगरी बुजुर्गची उघड्यावर आहे, आणि कोरड्या बॅटऱ्यांच्या कारखान्यांस लागणारें मँगनीज डायऑक्साइड तेथून निघतें. या खाणी जिच्या ताब्यांत आहेत ती मॉयल कंपनी विदर्भांतील सुशिक्षित घरांस नांवानें तरी परिचित आहे. एखाद्या कंपनीच्या शेअरचे जुने भाव पाहून काय समजतें आणि काय समजत नाहीं, हें जाणून घ्यावयाचें असेल तर दूरचीं उदाहरणें शोधण्यापेक्षां हेंच हाताशीं घेणें बरें.

या धंद्याचा आरंभ १८९६ सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या संस्थेनें केला. पुढें १९६२ सालीं भारत सरकार आणि येथील ब्रिटिश कंपनी यांच्यांत करार होऊन आजची कंपनी स्थापन झाली. तींत केंद्र, मध्यप्रदेश व महाराष्ट्र या तीन सरकारांचा मिळून शेंकडा ५१ वाटा होता. उरलेला शेंकडा ४९ वाटा १९७७ सालीं सरकारनें घेतला. म्हणजे शतकाहून अधिक काळ खाणी चालू होत्या, खनिज निघत होतें, नफातोटा होत होता. पण आज ज्याला आपण मॉयलच्या शेअरचा भाव म्हणतों तो मात्र कोठेंच नव्हता. ज्या वस्तूची खरेदीविक्री होत नाहीं तिला मूल्य असेल, पण भाव नसतो. मॉयलच्या भावाचा इतिहास १५ डिसेंबर २०१० रोजीं सुरू होतो, कारण त्या दिवशीं तिचा शेअर प्रथम बाजारांत आला.

तत्पूर्वीं तिन्ही सरकारांनीं आपल्याजवळील शेंकडा वीस शेअर जनतेस ३७५ रुपये दरानें विकले होते. लहान गुंतवणूकदारांस त्यांत शेंकडा पांच सूट होती. (हा पैसा सरकारांकडे गेला, कंपनीच्या तिजोरींत त्यांतील एक रुपयाही आला नाहीं. पुष्कळ घेणारांस हें ठाऊक नसतें.) पहिल्याच दिवशीं भाव साडेपांचशेंच्या वर चढला आणि बाजार मिटेपर्यंत त्याहून पुष्कळ खालीं आला. तेव्हां त्या दिवसाचा भाव कोणता म्हणावयाचा? शेअरबाजाराचें दैनिक भावपत्रक या प्रश्नास चार उत्तरें देतें: सकाळीं व्यवहार उघडला तो भाव, दिवसांतील सर्वांत चढा, सर्वांत उतरता, आणि शेवटचा. वर्षानुवर्षांच्या तुलनेसाठीं सामान्यतः शेवटचा भाव धरतात. त्याच ओळींत किती शेअरांची उलाढाल झाली हेंही छापलेलें असतें, आणि बहुतेक वाचक नेमका तोच रकाना सोडून देतात. लहान कंपनीच्या दहावीस शेअरांची एखाद्या दिवशीं चढ्या दरानें खरेदी झाली, तर तो भाव कागदावर खरा असला तरी हजार शेअर विकावयास निघालेल्या माणसास तो मिळेलच असें नाहीं.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. सप्टेंबर २०१७ मध्यें मॉयलनें आपल्या भागधारकांस प्रत्येक शेअरमागें एक शेअर बक्षीस दिला. ज्याच्याजवळ शंभर होते त्याचे दोनशें झाले. कंपनीच्या खाणी तेवढ्याच राहिल्या, खनिज तेवढेंच राहिलें, म्हणून प्रत्येक शेअरचा भाव सहजच निम्म्यावर आला. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाहीं, तसा तुकडा लहान झाला म्हणून ती घटतही नाहीं. पण ज्यानें केवळ भावांचे आंकडे ओळीनें लिहून ठेविले असतील त्यास त्या आठवड्यांत कंपनी अर्धी बुडाली असें वाटावयाचें. याकरितां बहुतेक आलेखांत जुने भाव दुरुस्त करून दाखवितात: बक्षिसापूर्वींच्या प्रत्येक भावास दोहोंनीं भागतात. त्यामुळें ज्यानें २०१० सालीं स्वतः ३७५ रुपये मोजले, त्यास आज आलेखांत आपला खरेदीभाव १८७ रुपये ५० पैसे दिसतो, आणि तो गोंधळतो. दोन्ही आंकडे खरेच आहेत. एक त्या दिवशीं खिशांतून गेलेला, दुसरा आजच्या शेअरच्या मापानें मांडलेला. चूक होते ती दोन्ही मापें एका हिशेबांत मिसळलीं म्हणजे.

उदाहरणार्थ, एखाद्या घरांत वडिलांनीं २०१० सालीं ३७५ दरानें घेतलेले शेअर आहेत, आणि पुढें कधीं बाजारांत भाव पुन्हां ३७५ झाला. घरचीं मंडळी म्हणतील, इतकीं वर्षें गेलीं आणि पैसे जागच्या जागींच! वास्तविक त्यांचे पैसे दुप्पट झालेले असतात. डीमॅट खात्यांतील शेअरांची संख्या पाहिली असती तर हें उघड झालें असतें. अशा समजुतीनें घाईघाईनें विकलेले शेअर परत येत नाहींत.

बक्षीस शेअरांप्रमाणेंच दर्शनी किंमतीचे तुकडे केले असतांही हाच प्रकार घडतो. टाटा स्टीलनें जुलै २०२२ मध्यें दहा रुपयांच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर केले. तेथें जुन्या भावास दहांनीं भागलें पाहिजे. कंपनीनें आपलेच शेअर परत विकत घेतले तर मात्र जुन्या भावांत अशी दुरुस्ती करीत नाहींत. मॉयलनें २०१६ पासून अनेकदां अशी पुनर्खरेदी केली. २०१० सालीं तिचे १६ कोटी ८० लक्ष शेअर होते. बक्षिसानें ते दुप्पट, म्हणजे साडेतेहेतीस कोटींच्या वर, व्हावयास हवे होते. पण २०२२ च्या पुनर्खरेदीनंतर ते सुमारें २० कोटी ३५ लक्षच उरले. म्हणून बाजारानें संपूर्ण कंपनीचें मोल काय केलें हें पाहावयाचें असल्यास त्या त्या दिवसाचा भाव त्या त्या दिवसाच्या संख्येनें गुणावा लागतो. आलेखाच्या रेषेंत ही संख्या दिसत नाहीं. तसाच लाभांशही दिसत नाहीं. मॉयलसारख्या नियमित लाभांश देणाऱ्या सरकारी कंपनींत तो वगळणें म्हणजे आंब्याच्या झाडाचा हिशेब करतांना केवळ लांकूड मोजणें होय.

भाव चढले कां आणि उतरले कां, हें आंकडे स्वतः सांगत नाहींत. मँगनीजचा मुख्य उपयोग पोलाद करण्याकडे होतो, म्हणून जगांतील पोलादाच्या मागणीबरोबर मॉयलचा शेअर हेलकावे खातो. मार्च २०२० च्या घबराटींत तो शंभर रुपयांच्या आसपास आला होता. पुढें मार्च २०२४ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील ग्रूट आयलंड बेटावर मेगन नांवाचें चक्रीवादळ आदळलें आणि तेथील मोठ्या मँगनीज खाणीचा धक्का मोडला. निर्यात थांबली, जगांत मँगनीजचे दर भडकले, आणि तुमसर तालुक्यांत एक टोपलें अधिक न निघतांही मॉयलचा शेअर त्या वर्षाच्या जुलैंत सहाशेंच्या जवळ पोंचला. पुढील वर्षाच्या आरंभीं तो तीनशेंच्या आसपास उतरला होता. केवळ रेषा पाहून जुलैंत घेणारास ती वर जाणारी वाट वाटली असेल. वादळाची वार्ता ठाऊक असणारास तो तात्पुरता तुटवडा आहे हें कळावयास हरकत नव्हती. दलालापेक्षां आलेखाची रेषा अधिक गोड बोलते, हें यामुळेंच.

मुंबईला हा अनुभव फार जुना आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे दर चढले तेव्हां बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि पुढें तोच ८७ रुपयांवर आला. सर्वांत चढ्या भावास घेणारा कोणी तरी होताच.

जुन्या भावांचा खरा उपयोग तुलनेसाठीं आहे. मॉयलचा दुरुस्त खरेदीभाव १८७.५० आणि २०२५ च्या आरंभींचा सुमारें ३०० धरला, तर चौदा वर्षांत वाढ दसादशे साडेतीनच्या आंतच पडते; वर लाभांश निराळा. २०१० सालीं सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर शेंकडा आठ व्याज मिळत होतें. याच काळांत मुंबईचा सेन्सेक्स सुमारें वीस हजारांवरून पंचाहत्तर हजारांच्या आसपास गेला, म्हणजे दसादशे दहाच्या जवळपास. मात्र सेन्सेक्सची तुलनाही डोळे उघडे ठेवून करावी. त्यांतील मागें पडलेल्या कंपन्या काढून त्यांच्या जागीं नव्या घालीत असतात, तेव्हां तो निवडक मुलांच्या वर्गाचा निकाल आहे, सर्व शाळेचा नव्हे.

एक तारीख मात्र प्रत्येक घरानें वहींत लिहून ठेवण्यासारखी आहे: ३१ जानेवारी २०१८. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर कर पुन्हां लागू करतांना सरकारनें त्या दिवसापर्यंतची वाढ करमुक्त ठेविली. त्यापूर्वीं घेतलेल्या, बाजारांत नोंद असलेल्या शेअरची खरेदी-किंमत ठरवितांना त्या दिवसाचा सर्वांत चढा भाव पाहतात, शेवटचा नव्हे. समजा, शेअर साठ रुपयांस घेतला, त्या दिवशींचा चढा भाव दोनशें होता, आणि आतां तो दोनशें साठ रुपयांस विकला. तर खरेदी दोनशें धरावयाची आणि नफा साठच. तोच दीडशें रुपयांस विकला तर खरेदी दीडशें धरतात. नफाही नाहीं, तोटाही नाहीं. वर्षांतील असा एकूण नफा सव्वा लक्षांहून अधिक झाल्यास अधिक रकमेवर, जुलै २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणें, शेंकडा साडेबारा कर पडतो. वारसानें आलेल्या शेअरांसही मूळ घेणाराचीच तारीख व किंमत लागू होते, म्हणून वडिलांचे जुने कागद रद्दींत घालूं नयेत. त्या तारखेनंतर शेअरचे तुकडे झाले असतील तर तो भाव त्याच प्रमाणांत भागून घ्यावा लागतो; मॉयलचें बक्षीस त्यापूर्वींचें असल्यामुळें तिच्या बाबतींत त्या दिवसाचा छापील आंकडा तसाच धरावयाचा आहे, आणि तो जुन्या दैनिक भावपत्रकांत सांपडतो.