गॅरेजची जमीन आणि जोडफरश्या

मोटार ठेवण्याच्या खोलीला आपल्याकडे अजून घराचा मान मिळालेला नाहीं. दिवाणखान्याच्या फरशीसाठीं आठ-आठ दिवस नमुने पाहणारीं माणसें गॅरेजच्या जमिनीचा विचार कोबा उखडल्यावांचून करीत नाहींत. आणि करूं लागलीं म्हणजे दिवाणखान्यांतून उरलेली गुळगुळीत फरशी तेथें बसवून मोकळीं होतात. आषाढांत गाडीवरून निथळलेलें पाणी त्या फरशीवर पसरतें, त्यांत तेलाचा एखादा थेंब मिसळतो, आणि त्या वाटेनें फुलें तोडावयास निघालेल्या आजींचा पाय घसरतो. उतारवयांत खुब्याचें हाड मोडलें म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

अशा जागेसाठीं एकमेकींत अडकवून बसविण्याच्या प्लास्टिकच्या फरश्या आतां मिळतात. त्यांस सिमेंट लागत नाहीं, गवंडी लागत नाहीं. त्या उपयुक्त आहेत यांत शंका नाहीं. मात्र घेतांना रंग पाहण्यापूर्वीं आपली जमीन पाहावी, असें आमचें मत आहे. फरशी टाकली कीं खालचें सर्व दोष झांकतात, असें दुकानदार सांगतात. झांकतात हें खरें. नाहींसे होत नाहींत.

या फरश्या मुख्यतः दोन पदार्थांच्या असतात. पहिला पीव्हीसी. तो जात्या कडक; मऊपणा यावा म्हणून त्यांत तेलासारखीं द्रव्यें मिसळतात. अशी फरशी पायाला सुखाची असते, चालतांना वाजत नाहीं आणि जमिनीचे लहानसहान खळगे पोटांत घेते. परंतु यांत एक गोम आहे. टायरचें रबर हवेंतील ओझोननें तडकूं नये म्हणून त्यांत कांहीं रसायनें घालतात. तीं उभ्या गाडीच्या चाकांखालून हळूहळू या मऊ फरशींत उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पाडतात. डाग वर बसलेले नसून आंत मुरलेले असतात. कितीही घासले तरी जात नाहींत. पीव्हीसीच घ्यावयाचें असेल तर चाकांच्या पट्ट्यांत काळी फरशी घालावी आणि फिक्या रंगाची हौस भिंतीकडेला भागवावी.

दुसरा पदार्थ पॉलिप्रॉपिलीन. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नाटा यांच्या १९५४ च्या संशोधनांतून हें प्लास्टिक पुढें आलें. १९६३ सालीं नाटा व त्सीग्लर या दोघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळालें. याची फरशी कडक असते, टायरचे डाग तींत मुरत नाहींत, सांडलेलें तेल पुसून निघतें. हिचा जाळीदार प्रकारही मिळतो. खालीं बारीक पाय असल्यामुळें पाणी जाळींतून उतरून पायांमधून वाहून जातें आणि वरचा भाग लवकर सुकतो. कोंकणांत, किंवा जेथें भिजलेली गाडी चार महिने रोज आंत येते अशा कोणत्याही घरीं, आम्ही हीच पसंत करूं. तिचे दोषही आहेत. जमीन उंचसखल असेल तर पावलोपावलीं कटकट आवाज येतो. स्कूटरच्या स्टँडचें बारीक टोंक जाळींत रुततें. तेथें बंद फरशी घालावी किंवा पत्र्याचा तुकडा ठेवावा. जॅक लावतांना खालीं जाड फळी घ्यावी. आणि दोन्ही पदार्थ जळणारे आहेत. गॅरेजमध्यें शेगडी पेटविण्याची वा वेल्डिंग करविण्याची संवय असेल तर या फरश्यांचा नाद सोडावा.

आतां जमिनीविषयीं. भिंतीच्या पायथ्याशीं लोणा लागला असेल तर ओल खालून येत आहे असें समजावें. खात्री करावयाची तर ऐन पावसाळ्यांत दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद कोब्यावर अंथरून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि दुसऱ्या दिवशीं उचलून पाहावें. खालीं थेंब जमले किंवा कोबा काळवंडला तर बंद फरशीखालीं ती ओल कोंडून कुबट वास सुटेल. जाळीदार फरशीच घ्यावी. तथापि जाळीखालचें पाणी जावयास वाट हवी. जमिनीला दाराकडे ढाळ नसेल, शंभर फुटांस एक फूट इतकाही नसेल, तर आधीं गवंड्याला बोलवावें, फरशी मागाहून. वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, फरश्या उचलून खालचा गाळ धुऊन काढावा. दसऱ्याला गाडी धुतातच, त्याच दिवशीं हेंही उरकतें.

प्लास्टिक उन्हानें फुगतें हें पुष्कळ जण विसरतात. पॉलिप्रॉपिलीन काँक्रीटच्या सुमारें दसपट प्रसरण पावतें. वीस फूट लांबीच्या जमिनीवर तपमान वीस अंशांनीं वाढलें तर जवळजवळ अर्धा इंच वाढ होते. भिंतीला भिडवून बसविलेली फरशी मे महिन्यांत मधोमध फुगून उठते ती याचमुळें. चारी बाजूंस तितकी फट सोडावी, आणि थंडींत बसवीत असल्यास थोडी अधिक.

मोजणी सोपी आहे. दहा फूट रुंद व अठरा फूट लांब जागेस एक फुटी फरश्या १८० लागतात. त्यावर दहा-बारा जास्त घ्याव्या, कारण पुढच्या खेपेच्या मालाचा रंग पहिल्याशीं क्वचितच जुळतो. दाराशीं उतरती कडपट्टी लावावयास विसरूं नये. तिच्यावांचून उघडी राहिलेली कड अंधारांत नेमकी ठेंच लागण्याच्या उंचीची असते.