हळहळीचे आयुष्य

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर प्रेताचे छायाचित्र छापावे की नाही, हा प्रश्न बहुधा रात्री छपाईच्या तोंडावरच उभा राहतो. न छापले तर सत्य दडविले, छापले तर दुःखाचा बाजार मांडला, असे दोन्ही आरोप आमच्यावर होतात. आणि दोहोंतही तथ्य असते.

२ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानातील बोद्रुमनजीकच्या किनाऱ्यावर एका सीरियन बालकाचा देह समुद्राने आणून टाकला. अंगात लाल सदरा, पायांत बूट, तोंड वाळूत टेकलेले. चित्रात रक्ताचा टिपूसही नव्हता. त्यापूर्वी चार वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या यादवीत दोन लाखांवर माणसे मेली होती. छिन्नविच्छिन्न देहांची चित्रे वारंवार प्रसिद्ध होत होती. त्यांनी जे साधले नाही ते या एका चित्राने साधले. स्वीडनच्या रेडक्रॉसने सीरियन निर्वासितांसाठी उघडलेल्या निधीकडे रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या एका आठवड्यात शंभरपटींहून अधिक वाढली, असे पॉल स्लोविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले. परंतु थोड्याच आठवड्यांत तो ओघ आटला. युद्ध मात्र चालूच राहिले.

भीषण चित्रे वारंवार पाहून मन बधिर होते, असे सूझन साँटॅग यांनी १९७७ साली मांडले होते. २००३ साली त्यांनीच त्या मताचा फेरविचार केला. हा प्रामाणिकपणा आम्हांस मोलाचा वाटतो. मन मरते ते केवळ रक्त पाहून नव्हे. जीव कळवळतो, पण पुढे काय करावे हे कोणी सांगत नाही. मग वाचक पान उलटतो, आणि पुढच्या खेपेस अधिक त्वरेने उलटतो.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दूरदेशीची प्रेते आपण निःसंकोच छापतो. आपल्या आळीतला मनुष्य अपघातात गेला तर मात्र त्याच्या तोंडावर चादर हवी असते. ही चादर अंतर मोजून घातली जाते, आणि ती कोणावर घालावयाची हे आमच्यासारखे संपादकच ठरवितात.

ते चित्र छापण्यात चूक झाली असे आम्ही म्हणणार नाही. सहाव्या आठवड्यात त्या निर्वासितांचे काय चालले आहे याची बातमी कोठे होती, हा प्रश्न अधिक अवघड आहे. आणि तो विचारताना आम्ही आमच्या पत्रास वगळीत नाही.