अप्राप्य ध्वनिमुद्रिकांचा शोध : मिरज व मुंबई येथील दोन उदाहरणे

एखादे पुस्तक बाजारात मिळेनासे झाले, तरी त्याची प्रत कोठेतरी सुरक्षित असण्याचा संभव असतो. १९५४ च्या कायद्यान्वये भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे धाडणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे, आणि १९५६ पासून वृत्तपत्रांनाही हा नियम लागू झाला. ध्वनिमुद्रिकांना मात्र असे संरक्षण मिळालेले नाही. कंपनीने उत्पादन थांबविले, की तबकडीचे अस्तित्व घरोघरची कपाटे आणि जुन्या मालाची दुकाने यांवर अवलंबून राहते. अशा तबकड्यांच्या मागे हिंडणाऱ्या रसिकाला लोक छांदिष्ट समजतात. वास्तविक त्याचे काम, हस्तलिखितांच्या पोथ्या जमवून पाठनिश्चिती करणाऱ्या संपादकाच्या कामाहून फारसे वेगळे नसते. हे साम्य कोठवर जाते आणि रसिकाच्या आवडीमुळे त्या कामाला कोणती मर्यादा पडते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण सांगली जिल्ह्यातील मिरजेचे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांनी मिरजेस वास्तव्य केले. तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरातच त्यांची कबर आहे. त्यांचे गायन प्रथम १९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने मुद्रित केले. उतारवयातील त्यांचे गायन १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने घेतले. या दुसऱ्या गटातील मुद्रणे पुढे कोलंबियाच्या लेबलाखाली निघाली आणि कालांतराने एल.पी., कॅसेट व सी.डी. या रूपांतही आली. अशा वेळी दोन तबकड्यांवरील गायन एकच आहे की भिन्न, हे लेबलावरून ठरत नाही. कारण यादीतील क्रमांक कंपनीगणिक बदलतो. लेबल आणि खाचा यांच्यामधील गुळगुळीत भागात कोरलेला साच्याचा क्रमांक संग्राहक पाहतो. तो सामान्यतः मूळ मुद्रणाला दिलेला असतो व पुनर्मुद्रणातही बहुधा तोच राहतो. पोथीच्या शेवटची पुष्पिका जे काम करते, तेच हा क्रमांक येथे करतो.

पाठभेदाचा प्रश्नही येथे उद्भवतो. आरंभीच्या काळातील सर्व तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला, तर षड्ज अर्ध्या स्वराने सरकतो आणि गायकाच्या पट्टीविषयीचे अनुमान चुकते. अशी सामग्री एकत्र करूनच मायकेल किनिअर यांनी २००३ साली खाँसाहेबांचे चरित्र व मुद्रिकासूची एका ग्रंथात सिद्ध केली. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेनेही संग्राहकांची माहिती प्रसिद्ध करण्याचे कार्य केले. खाँसाहेबांच्या मुद्रिका टिकल्या, याचे मुख्य कारण त्यांच्याविषयीचा आदर होय. कोणी त्या टाकून दिल्या नाहीत.

दुसऱ्या उदाहरणात हे आदराचे कवच नव्हते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करणारे मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजविले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या नावाने ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ते प्रसिद्ध केले. रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी वापरली : स्वरावलींसाठी ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खर्जातील सुरावटीसाठी टीबी-३०३. यांपैकी शेवटचे यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकते. त्यामुळे मींडेचा काहीसा आभास त्यातून उत्पन्न होतो. परंतु तबकडी खपली नाही. रागसंगीताच्या श्रोत्यांना ती उथळ वाटावी आणि डिस्कोच्या श्रोत्यांना अनोळखी वाटावी, अशीच तिची घडण होती.

पुढे २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकास दिल्लीच्या एका दुकानात ती सापडली. त्यांनी मुंबईत चरणजित सिंग यांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेतर्फे तिचे पुनर्मुद्रण केले. त्या वेळी काही पाश्चात्त्य श्रोत्यांनी, हा कोणा आधुनिक संगीतकाराचा बनाव असावा, अशी शंका घेतली. शंकेचे कारण असे की, शिकागो येथे उगम पावलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या संगीतप्रकाराशी तिचे साम्य विलक्षण होते, आणि त्या प्रकाराचा आरंभ सामान्यतः ‘फ्यूचर’ या गटाच्या १९८७ च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या मुद्रिकेपासून मानला जातो. या शंकेचे निरसन प्रमाणांनीच झाले. मूळ तबकडी उपलब्ध होती. स्वतः वादक हयात होते (त्यांचे निधन २०१५ मध्ये झाले) आणि पुढे त्यांनी ते संगीत श्रोत्यांसमोर वाजवूनही दाखविले. टीबी-३०३ हे यंत्रही १९८१ च्या अखेरीस बाजारात आले होते. तेव्हा १९८२ ही तिथी अंतर्गत पुराव्याशी विसंगत ठरत नाही.

तथापि ‘अ‍ॅसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला’ हा जो निष्कर्ष उत्साहाच्या भरात काढला जातो, तो स्वीकारता येत नाही. दोन भाषांतील शब्द सारखे दिसले म्हणून त्या भाषा एका कुळातील ठरत नाहीत. संपर्क, परंपरा आणि नियमित अनुरूपता दाखवावी लागते. शिकागोच्या वादकांनी मुंबईची तबकडी ऐकली होती, असा पुरावा नाही. दोन्हीकडे यंत्र एकच होते. थोडे स्वर पुनःपुन्हा फिरविणे हा त्या यंत्राचा स्वभाव आहे. समान साधनातून समान रूप निर्माण झाले, एवढेच म्हणता येते. तिथीने अग्रक्रम सिद्ध होतो. वंशसंबंध सिद्ध होत नाही. तरीही ही तबकडी सापडली नसती, तर हा प्रश्न विचारताच आला नसता, हे विसरून चालणार नाही.

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या दृष्टीने या विवेचनाला प्रत्यक्ष महत्त्व आहे. येथे रागसंगीताचा श्रोतृवर्ग जुना आहे. मिरजेस खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. सातारा जिल्ह्यातील औंध येथे अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली संगीतोत्सव सुरू केला. अशा प्रदेशातील जुन्या वाड्यांची आवराआवर होते, तेव्हा लाखेच्या जुन्या तबकड्या जाणकार बाजूला काढतात. सिंथेसायझर, इलेक्ट्रिक गिटार किंवा ऑर्गनवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या एल.पी. मात्र भंगारात जातात. निवड करणारा रसिक असतो आणि त्याची रुची हीच त्याची कसोटी असते. चरणजित सिंग यांची तबकडी याच कसोटीवर वीस वर्षे मागे पडली होती.

बोलीचा अभ्यासक शुद्धाशुद्धतेचा निवाडा करून नमुने गोळा करीत नाही. जे बोलले जाते ते तो प्रथम नोंदवितो. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीतही हाच क्रम इष्ट होय. कंपनीचे नाव, यादीतील क्रमांक, साच्याचा क्रमांक, कलावंत व वाद्ये यांची नावे आणि तबकडी कोणत्या गावी कोणाच्या संग्रहात मिळाली ही माहिती, एवढी नोंद एका तबकडीस पाच मिनिटांत होते. वेष्टन तबकडीपासून वेगळे करू नये, कारण वादक व वाद्ये यांचा उल्लेख पुष्कळदा केवळ वेष्टनावरच असतो. मुद्रिका श्रेष्ठ की सामान्य, हा विचार त्यानंतर करता येईल. नोंद होण्यापूर्वी ती विकली गेली, तर तो विचार करण्यास साधनच उरत नाही.